तीन मोकळ्या जागा

संगणकाच्या काळ्या पडद्यावर एक पांढरी चांदणी (*), आणि त्या चिन्हाआधी तीन मोकळ्या जागा... तिने स्वतः ठरवलेल्या जागा. चित्रं गाळून नुसता मजकूर दाखवणारा या कार्यालयाचा ब्राउझर – त्यात यादी कशी दिसावी, हे चौदा वर्षांपूर्वी तिने ठरवलं होतं: पहिल्या पातळीला चांदणी, तिच्या पोटातल्या यादीला अधिकचं चिन्ह, आणि दर पातळी तीन जागा आत सरकलेली, म्हणजे कोण कोणाखाली ते चटकन कळावं. आणि भरल्या बैठकीत तिचे तेव्हाचे वरिष्ठ, सर, म्हणाले होते, "हे मी बसवलं." मग तिच्याकडे वळून, अगदी मायेने – "हिने टायपिंगला मदत केली."

मदत. दाढेत अडकलेल्या कणासारखा तो शब्द. चौदा वर्षं जीभ तिथेच जाते आहे.

सर आता निवृत्त. नजर गेलेली, संगणकाला जोडलेल्या ब्रेल ठिपक्यांच्या पट्टीवर बोटांनी वाचतात. पट्टीत जेमतेम वीस अक्षरं मावतात, त्यातली अर्धी मोकळ्या जागाच खातात, काहीतरी करा – अशी त्यांची तक्रार फिरत फिरत तिच्याच टेबलावर आली. एकेक जागा ठेवली असती तरी भागलं असतं... मला कळत नव्हतं का? कळत होतं. म्हणूनच ब्राउझरच्या त्यांच्यापुरत्या आवृत्तीत तिने जागांचा आकडा शून्य केला. चिन्हंही काढली. मागितलं ते दिलं. बोट कोण ठेवणार?

आज सरांच्या पत्नी, वहिनी, त्यांना ती आवृत्ती वापरून बघायला कार्यालयात घेऊन आल्या होत्या. तिच्या शेजारच्याच खुर्चीत बसून सरांनी आपल्या औषधांच्या यादीचं पान उघडलं. बोटं पुढे गेली, मागे आली, पुन्हा पुढे. सकाळ, जेवणाआधी, पांढरी गोळी, रात्र, जेवणानंतर – सगळं एका रांगेत, शाळेतून हाकलून दिलेल्या पोरांसारखं. वहिनी खिडकीबाहेर बघत होत्या. ती बोटांकडे बघत होती, आणि तिला बरं वाटत होतं – तापात अंगावर गार कापड पडावं तसं.

"कोण कोणाच्या पोटातलं तेच कळत नाही गं," सर म्हणाले. "पूर्वी किती नीट होतं. कोणी केलं होतं ते? त्यालाच बोलवा."

आठवतच नव्हतं त्यांना. चोरीसुद्धा आठवत नव्हती... मग मी इतकी वर्षं कोणाशी भांडत होते?

"तुम्हीच बसवलं होतंत, सर."

बोटं थांबली. वहिनींनी मान वळवली. सर हळूच, पट्टीलाच सांगितल्यासारखे म्हणाले, "मला नव्हतं येत ते."

हे वाक्य तिने मनात हजारदा ऐकलं होतं – बैठकीत, सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. असं नव्हे, तिघांपुरत्या खोलीत, पुटपुटल्यासारखं नव्हे. शून्याच्या जागी एक – एवढा एकच आकडा बदलायचा होता. सर वाट पाहत होते. तिचा हात मांडीवरच होता, आणि तो तिथे किती निवांत पडला आहे हे लक्षात येताच तिला पहिल्यांदाच स्वतःची भीती वाटली – तरीही तिने तो उचलला नाही... अजून नाही.