खाटेवरची तुळई

भरमू सुताराने माडीवरची फरशी उचलली, खालची माती बाजूला सारली आणि फळीत पटाशी टोचली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली.

"वाळवी, आक्का. वरनं फरशी शाबूत, खाली नुसता भुसा."

तो एका ढलपीवर पेन्सिलीने अंदाज लिहीत गेला.

फळ्या: तिन्ही खणांच्या नव्या.
माती: हीच, चाळून.

फटीतून खालचं घर दिसत होतं. खाट, खाटेवर कमलाचे थोरले दीर जिनाप्पा. वाटणीत खालचं घर त्यांना, माडी तिच्या नवऱ्याला, वृषभला. आणि त्याच आठवड्यात त्यांनी आतला जिना विटांनी बुजवून टाकला. वृषभच्या छातीत कळ आली तेव्हा कमलाने त्याला बाहेरच्या गोल लोखंडी जिन्यावरून, चादरीच्या झोळीत उतरवायला लावलं. झोळी वळणावर अडकली. ती सुटेपर्यंत तो संपला होता.

जिना: नाही.

हे भरमूने लिहिलं नाही. कमलाने मनातल्या मनात मांडलं.

"औषध मारल्याबिगर नवं लाकूड टिकायचं न्हाय," भरमू म्हणाला. "वाळवी खालच्या भिंतीतनं चढतीया."

खालून जिनाप्पांचा आवाज आला. "औषध न्हाय मारायचं रं. किती जीव मरतील. पाप हाय."

कमला फटीवर वाकली.

"व्हय अण्णा. जिवाची दया तुमच्याकडनंच शिकावी."



भरमू खाटेच्या बरोबर वरच्या तुळईपाशी पोचला. हातोडीने ठोकून पाहिलं. पोकळ.

"दोन तुळया बदलायच्या. ही पयली. कवा खाली यील सांगता येत न्हाय."

"एकच लिव्ह. ही ऱ्हाऊ दे."

"आक्का, खाली माणूस झोपतंय."

"आत जीव हायत न्हवं?" खाली ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "मारलं तर पाप लागंल."

आता खाट सरकवल्याचा आवाज येईल म्हणून दोघंही थांबली.

"भरमू," जिनाप्पा म्हणाले, "ती म्हणतीया तसंच कर. खाट हितंच ऱ्हाऊ दे."

मग कुशीवर वळल्याची करकर.

तुळया: एक.

भरमू हत्यारं गोळा करून उतरून गेला. कमला त्या तुळईवरच उभी होती. तिच्या पायाखालून भुशाची बारीक धार खाली गळत होती. तिने एक पाय हळूच उचलला. तो कुठे टेकवावा, ते तिला कळेना.