मोकळा सोडलेला सूर

“एका सुरात गाऊ या, मार्गेडबाई. वरच्या सुराची पोरं सगळी पोटासाठी इंग्लंडला गेली. उरलंय कोण? खालच्या तीन सुरांतले म्हातारे,” पाळकसाहेब चहाच्या कपाकडे बघत म्हणाले.

मार्गेडमावशी टेबलावरच्या कापडाला इस्त्री करत होती. शेजारच्या खोलीत तिचे यजमान एलियाझर शेवटचे निजले होते. आमच्या प्रार्थनामंदिरात सूर लावून देण्याचं काम जन्मभर त्यांचं. पाळकसाहेबांचं प्रवचन बोलता बोलता गाण्यात शिरायचं, आणि देव जणू ओसरीवर येऊन बसायचा. त्या गाण्याला झेलायचे ते एलियाझरकाका.

“एका सुरात मेंढरंसुद्धा गातात,” मावशी म्हणाली. “माझ्या माणसाला चार सुरांत पोचवा.”

“चौथा आणायचा कुठून, मावशी?” मी विचारलं. आमच्याकडे चार गट एकाच वेळी चार वेगळे सूर धरतात, आणि वरचा गट तर उरलाच नव्हता.

“आणू नकोस. त्याची जागा मोकळी सोड. आणि त्यात तू घुसायचं नाहीस, ग्विलिम. जन्मलास तेव्हाच रेड्यासारखा रडला होतास. तुझ्या आईला तिथल्या तिथे सांगितलं, हा खर्जातलाच.”

मावशी आमच्या दरीतली सुईण. मेलेल्यांना शेवटची आंघोळही तीच घालायची. मोठ्या लढाईतून परतलेल्यांना कोळशाच्या खाणीने काही वर्षं पोसलं. मग खाणीचं चाक थांबलं, आणि मावशीचं पहिलं काम आटलं, दुसरं तेवढं राहिलं. नगरसभेत कारकुनाने वाचून दाखवलं होतं : जन्मांहून मरणं जास्त, आणि मरणांहून गाव सोडून गेलेले जास्त. त्या साली आमच्या गल्लीत एकही बाप्तिस्मा झाला नाही.

मला घोर वेगळाच होता. काकांच्या लाडक्या गीतात एक ओळ वरच्या सुराची पोरं एकटीच गायची. मग काकांचा हात खाली यायचा आणि आम्ही आत शिरायचो. आता ती ओळ मुकी जाणार, आणि काकांचा हात शवपेटीत. चुकलो, तर ज्याने जन्मभर सूर जुळवले त्याच्याच दारात गाणं फाटणार.

आमच्याकडे प्रेतामागे पुरुषच जातात. बायका पडदे ओढून आत, परतून येणाऱ्यांसाठी पाव कापत बसतात. पेटी दारात ठेवली. आम्ही टोप्या काढल्या, गाऊ लागलो. ती ओळ आली.

आम्ही थांबलो. आतली सुरीही थांबली. धुक्यात नदी तेवढी वाहत होती.

खिडकीचा पडदा जरासा सरकला. खाली चौकटीवर मावशीचा हात दिसला. आम्हा सगळ्यांना या जगात झेललेला. एक बोट उठलं आणि न ऐकू येणारी ओळ हळूहळू पुढे नेऊ लागलं, अडलेल्या बाईला धीर देत न्यावं तसं. मला वाटलं, आमची वरच्या सुराची पोरं, एम्रिस, गेथिन, इद्रिस, कुठल्याशा परक्या कारखान्यात उभे आहेत, आणि त्यांचे ओठ हलताहेत.

हात खाली आला. आम्ही सगळे एकदम आत शिरलो.

गीत संपलं. पेटी खांद्यावर घेतली तेव्हा पडदा सरळ झाला होता, आणि आत सुरी पुन्हा पावावर चालू लागली होती.