पूजेचं पाणी

द्राक्षाच्या छाटणीतल्या काड्या जाळून तेजलने कोळसा बनवला, तो फिल्टरमध्ये भरला, आणि साड्या रंगवण्याच्या कारखान्यातलं गर्द जांभळं पाणी त्यातून नितळ उतरलं. टाकीच्या तळाला पडलेला नटसुद्धा वरून दिसत होता. मालक दौलतशेठ इतके खूश झाले की त्यांनी जलपूजनच ठेवलं. पाण्याचा नमुना न्यायला तपासणीचे साहेब येणारच होते. त्यांनाच प्रमुख पाहुणे केलं.

"नमुना आधी घ्या," असं तेजल दोनदा म्हणाली. पण पूजेआधी टाकीला हात लावायचा नसतो, हे शेठनी तिला मोठ्या मायेने समजावलं. मग साहेबांनी, शेठनी, शेठाणीबाईंनी आणि त्यांच्या अख्ख्या भिशी मंडळाने मुठीमुठीने हळदकुंकू वाहिलं. पाणी लालभडक झालं.

"परत फिल्टरमधून काढू," तेजल दातओठ खात म्हणाली. "लगेच स्वच्छ होईल."

"पूजेचं पाणी कोळशातून?" शेठ कळवळले. "अगं, ते गंगेतच सोडायचं असतं!"

साहेबांनी भक्तिभावाने मान डोलावली. नमुन्याची बाटली रिकामीच पिशवीत गेली आणि पाणी वाजतगाजत गोदावरीत.

दुसऱ्या दिवशी तेजल कामावर आली, तेव्हा फिल्टर बंद होता आणि नदीकडचा व्हॉल्व्ह उघडा. सोवळं नेसलेले शेठ डोळे मिटून रंगाच्या टाकीपाशी उभे होते आणि त्या जांभळ्या पाण्यात चिमूटभर कुंकू सोडत होते.