मिस्त्रींचा डावा डोळा

मी डोळे तपासणारा संगणक बोलतोय. कॅमेरा डोळ्याच्या आतल्या पडद्याचा फोटो काढतो आणि मी त्यात उतारवयाचे आजार शोधतो. मला शिकवायला डॉक्टरांनी हजारो फोटोंवर खुणा करून दिल्या होत्या. एवढं शिकूनही या दवाखान्यात सहा महिने मी कापडाखाली पडून होतो, डोक्यावर फायलींचा गठ्ठा. डॉक्टरीणबाईंचा माझ्यावर भरवसा नव्हता. शेवटी सिस्टरनीच हट्टाने मला सुरू केलं.

त्याच आठवड्यात फरशी बसवणारे एक मिस्त्री आले, चष्म्याचा नंबर वाढवून घ्यायला. सगळं बोलली ती त्यांची बायकोच. नव्या खोलीतली फरशीची ओळ वाकडी दिसते म्हणून यांनी ती दोनदा उखडली. दोरी लावून बघितली तर दोरीही वाकडी, म्हणून दोरी बदलली. आणि ओळ बसवणाऱ्या सख्ख्या धाकट्या भावाला चारचौघांत नाही नाही ते बोलले. तीस वर्षं जोडीनं काम केलेला तो माणूस थापी टाकून निघून गेला.

मिस्त्रींनी हनुवटी टेकवली. उजवा डोळा ठीक होता. डाव्या पडद्यावर मात्र अगदी मधोमध रक्ताचा बारीक डाग आणि सूज. मी लाल खूण केली. खरं सांगतो, मला भीती वाटली. चुकलो असतो तर पुन्हा कापडाखाली जावं लागलं असतं, पण गप्प बसलो असतो तर या माणसाचा डोळा गेला असता.

बाईंनी भिंग लावून बराच वेळ स्वतः पाहिलं. मग समजावलं, की वयामुळे पडदा झिजलाय, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, आजच सुरू केली तर उरलेली नजर वाचेल.

मिस्त्रींनी इंजेक्शनाचं काहीच विचारलं नाही. "ओळ बघताना मी उजवा डोळा मिटतो," ते हळूच म्हणाले. "म्हणजे फरशी सरळ होती?"

"सरळच असणार. सुजलेल्या पडद्याला सरळ रेघही वाकडी दिसते," बाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी तो फोटो छापून मागितला आणि घडी न घालता भावाकडे नेला.

महिन्याने ते परत आले, तेव्हा भाऊ सोबत होता. सूज उतरली होती, पण त्या डोळ्याची नजर पूर्ण परत येणार नाही, हे बाईंनी सांगून टाकलं.

"दादा, यापुढं ओळ मी बघतो," भाऊ म्हणाला. "तू नुसता ओरडायला ये."

मिस्त्रींचे डोळे भरून आले. ओल्या डोळ्यांचा फोटो नीट येत नाही, म्हणून सिस्टर थांबल्या. मीही थांबलो.

आता मी रोज चालू असतो. साठी ओलांडलेल्यांनो, एक एक डोळा झाकून घरातल्या दाराची चौकट बघा. वाकडी दिसली, तर सुताराला बोल लावण्याआधी माझ्याकडे या.