कॉलरमागचे चार टाके

खोटं बोलायला अक्कल लागत नाही, ते निस्तरायला लागते. रश्मीला हे तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. ऑफिसच्या कँटीनमध्ये नीनाने साधा प्रश्न विचारला होता, हा कोट कुठून घेतलास म्हणून. आमच्या आप्पांनी शिवलाय, एवढंच सांगायचं होतं. त्यात काय जात होतं तिचं? पण नाही. ती नुकतीच कामासाठी दोन दिवस कोपनहेगनला जाऊन आली होती, तेच नाव जिभेवर होतं आणि तेच निसटलं. कोपनहेगनच्या एका छोट्या दुकानातून घेतला, म्हणाली. नीनाचे डोळे असे काही चमकले की मग माघार घेणं जमलंच नाही.

आता कोट कसला, तर घोंगडीचा. रश्मी मूळची आटपाडीची. तिच्या वडिलांनी, विष्णूआप्पांनी, तिथे एसटी स्टँडसमोर अडतीस वर्षं शिलाईचं दुकान चालवलं. पोरगी नोकरीला इंग्लंडला निघाली तेव्हा तिकडच्या थंडीच्या धास्तीने त्यांनी धनगराकडून दोन काळ्या घोंगड्या आणल्या आणि त्यांचा लांब कोट कापला. लोकरीचा रंग मेंढीचाच, खाली घेराला घोंगडीची मूळची पांढरी किनार, टोचू नये म्हणून आतून मऊ अस्तर. कॉलर सगळी हाताने टाके घालून बसवलेली. त्या एकट्या कॉलरलाच आप्पांना आठवडा लागला होता. आणि कॉलरच्या आत लाल दोऱ्याने शिवलेलं लेबल: विष्णू टेलर्स, एसटी स्टँडसमोर, आटपाडी.

नॉटिंगहॅमच्या पहिल्याच हिवाळ्यात ऑफिसातल्या खुंटीवर कोट टांगला की ते लेबल समोर दिसायचं. कुणी हसलं नाही, कुणी नावं ठेवली नाहीत. एकीने फक्त विचारलं, ही कुठली कंपनी? तेवढ्याने रश्मीच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. शेजारच्या खुंट्यांवर मोठमोठी नावं आणि हिच्या मानेवर एसटी स्टँड! घरी जाऊन तिने नखं कापायच्या कात्रीने लेबल उसवून काढलं. फेकवलं मात्र नाही. पासपोर्टच्या पाकिटात सरकवून दिलं.

नीना तिच्याच टीममध्ये होती. जन्म नॉटिंगहॅमचा, आईवडील ठाण्याचे. मराठी बोलायची हौस दांडगी, व्याकरणाशी मात्र उभा दावा. कपड्यांचं वेड तर असं की कोपनहेगनचे रस्ते आणि तिथले डिझायनर तिला न जाताच पाठ. त्या कोटाच्या दुकानात एकदा जायचंच, हा तिचा बेत मार्चपासून शिजत होता. आप्पा नोव्हेंबरात राहायला येणार म्हटल्यावर तिने काकांनाही नेऊ म्हणून धोशाच लावला. रश्मीने त्यांना भारतातूनच डेन्मार्कच्या व्हिसाचा अर्ज करायला लावला आणि मनात म्हणाली, नाकारतील. वकिलातीने तो पंधरा दिवसांत देऊन टाकला. काका काय करायचे, यावर ते गारमेंट्समध्ये होते, असं तिने नीनाला आधीच सांगून ठेवलं होतं. एका खोट्याला दुसऱ्याची सोबत लागते ती अशी.

आप्पांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच दिसत होतं की लेक तो कोट अजून घालते, आणि त्याचं त्यांना अप्रूप होतं. निघायच्या दिवशी रश्मीने हळूच दुसरं जॅकेट काढलं, तर आप्पा म्हणाले, गारठा आहे, आपलाच घाल. नीना रश्मीला इंग्रजीत म्हणाली, कोटाला त्याच्या गावी न्यायलाच पाहिजे. दोघांनी दोन बाजूंनी धरल्यावर काय करते बिचारी? बिचारी कसली म्हणा, सगळं स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेलं. तिने कोट घातला.

कोपनहेगनला पहिल्याच सकाळी नाश्त्याला तिने घोकून ठेवलेलं वाक्य टाकलं. आपण गेलो असतो, पण ते शॉप क्लोज्ड आहे, टेलर ओल्ड होता. आप्पा शेजारी बसून पावाला लोणी लावत होते. नीनाचं तोंड एवढंसं झालं, पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हे. दुकान नाही तर नाही, माणसाचा पत्ता तर काढू, म्हणाली.

मग सुरू झाली ती भटकंती. स्ट्रॉएट नावाचा लांबच लांब रस्ता, गाडीघोडा नाही, नुसती चालणारी माणसं, आणि दोन्ही अंगांना दुकानं. खुर्च्यांची, दिव्यांची, चिनीमातीच्या कपांची, आणि कपड्यांची तर विचारूच नका. आप्पांना आधी काही उमजेना. एवढ्या ऐसपैस दुकानात कपडे सातच कसे, असं त्यांनी विचारलं. सगळीकडे पांढरं, करडं नि काळं बघून कुणाचं सुतक चाललंय का, हेही विचारून झालं. पण मग ते जे रमले! सदरा दिसला की बाही उलटी करून शिवण बघायची. पँट दिसली की पाय उलटा करून आत माया किती राखलीय ते बोटाने मोजायचं. माणूस अंगाने सुटला तर कपडा सैल करता यावा म्हणून शिंपी शिवणीत जादा कापड सोडतो, त्याला ते लोक माया म्हणतात. अर्धं बोट माया नाही, आप्पा हळहळत म्हणाले, पुढच्या वर्षी काय करतात ही माणसं? एका दुकानात त्यांनी चक्क खुर्ची उलटी केली आणि खूश झाले, कारण कुणाला न दिसणारी खालची बाजूसुद्धा घासूनपुसून गुळगुळीत केली होती. हे काम प्रामाणिक माणसाचं आहे, म्हणाले.

रश्मीचं लक्ष खुर्चीकडे नव्हतं. दर दुकानात ती विक्रेत्या मुलीचा चेहरा बघत होती आणि दबक्या आवाजात आप्पा, ठेवा ना ते, म्हणत होती. आत्ता नीना विचारेल, काकांना शिवणातलं एवढं कसं कळतं? आत्ता आप्पा बोलून जातील. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. नीना मात्र काकांच्या मागोमाग स्वतःही बाह्या उलट्या करून बघायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी नॉरेब्रो भागातल्या एका गल्लीत नीना एका चिमुकल्या दुकानात शिरली. पुढे पाचसहा कोट टांगलेले, मागे शिलाई मशीन, आणि मशीनवर साठीची एक बाई, गळ्यात टेप. टेप बघून आप्पांचा चेहरा असा उजळला की जणू गाववालंच भेटलं. ते थेट एका पँटीकडे वळले. बाई मात्र उठली ती रश्मीकडे आली. हात लावू का, असं विचारून तिने कॉलरवरून अंगठा फिरवला, कोटाचा काठ उलटून आतली शिवण बघितली, खालची पांढरी किनार चिमटीत धरून बघितली. मग इंग्रजीत विचारलं, हा कुणी केला?

नीना अभिमानाने म्हणाली, इथलाच, तुमच्या कोपनहेगनचा आहे. बाईने मान हलवली. अशी कॉलर हाताने बसवणारे या शहरात आता तिघंचौघंच उरलेत, त्या सगळ्यांचा हात मी ओळखते, ती म्हणाली, आणि ही लोकर आमच्याकडची नव्हे. रश्मी काही बोलायच्या आत तिने मागून कॉलर उलटली. लेबल नव्हतं. ते जिथे असायला हवं तिथे चार कोपऱ्यांना तुटक्या लाल दोऱ्यांची टोकं तेवढी होती. कुणीतरी उसवून काढलंय, बाई म्हणाली.

आप्पा पँट ठेवून जवळ आले होते. इंग्रजी त्यांना बेताचंच. पण कोपनहेगन हा शब्द कळायला आणि आपला लाल दोरा ओळखायला इंग्रजी लागत नाही. त्यांनी ती चार टोकं बघितली आणि मग रश्मीकडे बघितलं. रागाने नव्हे. ठरल्या दिवशी गिऱ्हाईक दारात यावं आणि कपडे तयार नसावेत, तेव्हा ते असे बघायचे, आपलंच काहीतरी चुकल्यासारखे.

रश्मीला बोलायचं होतं. देवाशपथ बोलायचं होतं. हे माझे वडील, कोट यांनी शिवलाय, एवढंच. भुईने पोटात घेतलं असतं तर ती आनंदाने गेली असती, पण तोंड काही उघडेना. नीना बघत होती, बाई बघत होती.

तेव्हा आप्पाच बोलले, बाईकडे बघून, आदल्या दिवशी नाश्त्याला कानावर पडलेल्या शब्दांत.

"ओल्ड टेलर. शॉप क्लोज्ड."

त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. डोळे अधू झाले म्हणून दोन वर्षांपूर्वी आप्पांनी दुकानाचं शटर कायमचं ओढलं होतं.

बाई हळहळली. असा माणूस मला आधी भेटता तर खिडकीजवळची उजेडाची जागा त्याला दिली असती, म्हणाली. नीनाने मोठ्या उत्साहाने ते काकांना मराठीत सांगितलं. "काका, ती बोलते, ज्याने हा कोट शिवली तो खूप मोठा मास्टर होता."

"असंल," आप्पा म्हणाले. त्यांनी कानटोपी नीट ओढली आणि ते बाहेर फुटपाथवर जाऊन उभे राहिले.

परतीच्या वाटेवर ते खुर्चीबद्दल बोलले, सायकलींबद्दल बोलले, कोटाबद्दल चकार शब्द नाही. त्यांनी चार शिव्या हासडल्या असत्या तर रश्मी सुटली असती. पण ते विमानात तिच्यासाठी जपून ठेवलेलं बिस्किट काढून देत होते. तिने ते पर्समध्ये ठेवून दिलं. इतकी लाज तिला आटपाडीची कधी वाटली नव्हती, जितकी आता स्वतःची वाटत होती.

नॉटिंगहॅमला पोचल्याच्या दुसऱ्या दुपारी आप्पांनी सुईदोरा मागितला. दिसत नाही, ओवून दे, म्हणाले. रश्मीने विचारलं, कुठला दोरा? काळा, ते म्हणाले. तिने ओवून दिला आणि स्वयंपाकघरात चहा ठेवायला गेली. परत येते तो कोट त्यांच्या मांडीवर, कॉलर उलटी केलेली, आणि आप्पा खिडकीच्या उजेडात सुईच्या टोकाने एकेक लाल धागा उपसून काढत होते. तीन कोपरे झाले होते. जिथे भोकं दिसत होती तिथे काळ्या दोऱ्याचा बारीक टाका घालून वरून लोकर चोळून बसवली होती. तिथे कधी काही शिवलं होतं असं आता कुणाच्या बापाला कळलं नसतं.

"उसवायचं तर नीट उसवावं गं," ते मान वर न करता म्हणाले. "टोकं राहिली की माणसं विचारतात. परत कुणी कॉलर उलटली म्हणजे?"

रश्मी खाली जमिनीवरच बसली. लेबल माझ्याकडे आहे आप्पा, तिने सांगितलं, पासपोर्टच्या पाकिटात आहे, टाकलं नाही मी. लाल दोरा आणते, परत लावा. आणि नीनाला मी आजच फोन करून सगळं सांगते. हे सगळं ती एका दमात बोलली आणि रडायला लागली.

आप्पांनी चौथा धागा काढला, टाका घातला आणि दोरा दातांनी तोडला.

"सांग की," ते म्हणाले. "पण मी परत गेल्यावर सांग. माझ्यादेखत तुझी मान खाली गेलेली मला बघवायची नाही."

मग ते उठले, कोट झटकला आणि दुकानात गिऱ्हाइकापुढे धरायचे तसा दोन्ही हातांनी खांद्यांत धरून उभे राहिले. तिने डोळे पुसले, त्यांच्याकडे पाठ केली आणि बाह्यांत हात घातले. आप्पांनी मागून खांदे सारखे केले, कॉलर दाबून बसवली आणि अडतीस वर्षं प्रत्येकाला विचारलं तेच विचारलं, कुठं काचतंय का? सगळे नाही म्हणायचे. रश्मी हो म्हणाली.

कुठं, असं काळजीने विचारत ते तिचे खांदे, बगल, पाठ चाचपून बघत राहिले.