उतरतानाही टेकवायचं

टाचणीबाईंना हे नाव दोन कारणांनी पडलं होतं. एक म्हणजे पडद्यांच्या कारखान्यात काम करताना त्यांच्या ओठांत कायम चार टाचण्या धरलेल्या असायच्या. दुसरं म्हणजे त्या टाचण्या काढून बाई बोलायला लागल्या की समोरच्याला वाटायचं, टाचण्या तोंडात होत्या तेच बरं होतं.

रविवारी संध्याकाळी त्यांचा मुलगा हे विसरला आणि म्हणाला, "आई, उद्यापासून मला दुपारची पाळी लागलीय. बाबांकडे रोज गाडीने सोडायला जमणार नाही. आपण आता रविवारीच जात जाऊ."

"आणि शुक्रवारचं काय?"

शुक्रवारचं काय, हे मुलालाही माहीत होतं.

बाबा म्हणजे रंगारीबुवा. चाळीस वर्षं शिडीवर चढून त्यांनी लोकांच्या भिंती रंगवल्या, कधी पायरी चुकली नाही. आणि तीन महिन्यांपूर्वी एका सकाळी पलंगावर बसून मोजे घालता घालता त्यांची डावी बाजू लुळी पडली. तेव्हापासून ते शहराच्या दुसऱ्या टोकाला होते, अशा आजारी माणसांना पुन्हा चालायला शिकवणाऱ्या केंद्रात. रोज चार वाजता त्यांना उभं करायचे. येत्या शुक्रवारी मोठे डॉक्टर तपासायला येणार होते. हातात काठी चालेल, पण कुणी धरायचं नाही, आणि दहा पावलं टाकायची. टाकली तर घरी. नाही टाकली तर मागच्या इमारतीत, जिथे माणसं राहायला जायची ती राहतच असत.

सध्याची मजल सहा पावलांवर होती. तीसुद्धा टाचणीबाई समोर उभ्या राहून बोलणी घालत असतील तरच. व्यायाम करून घेणारी मुलगी गोड बोलायची, "बाबा, त्या भिंतीपर्यंत या बघू." त्यावर रंगारीबुवा म्हणायचे, "भिंतीपर्यंत येऊन काय करू? हातात ब्रश आहे का माझ्या?" आणि खाली बसायचे.

"मी बसने जाईन," टाचणीबाई म्हणाल्या.

"बसमध्ये आता पैसे घेत नाहीत, आई. कंडक्टरही काढून टाकले. कार्ड लागतं. ते दारातल्या मशीनला टेकवायचं, संपलं की पुन्हा भरायचं. दोन बस बदलायच्या. तुला मशीनचं नाही जमायचं."

"अरे, माझी चाळीस वर्षं मशीनवरच गेली. तू ज्या दुधावर वाढलास ना, ते मशीननेच आणलं घरात."

मुलाने हात टेकले.

कार्ड फक्त मुख्य बसस्थानकावरच्या खिडकीत मिळायचं. सोमवारी सकाळी खिडकी उघडायच्या आधीच टाचणीबाई तिथे उभ्या होत्या. आतल्या कारकुनाने निळं कार्ड पुढे सरकवलं आणि रोज शंभरदा म्हटल्यासारखं म्हणून टाकलं, "चढताना टेकवा, उतरताना टेकवा, वाकवू नका, भिजवू नका." भोक पाडू नका असं काही तो म्हणाला नाही. पुढे बाईंनी हे त्याला ऐकवलंच.

पहिल्याच दिवशी त्या उतरताना टेकवायचं विसरल्या. जन्मभर ज्या बसमधून उतरल्या, तिने उतरल्यावर काही मागितलं नव्हतं. परत येताना कार्ड टेकवलं तर पैसे निम्म्यावर आलेले. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, उतरताना टेकवलं नाहीत तर तुम्ही कुठे उतरलात ते त्याला काय कळणार? ते शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापतं." टाचणीबाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. शेवटचा थांबा त्यांनी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता आणि त्याचं भाडं मात्र भरलं होतं. ही गोष्ट त्यांनी दुसऱ्या दिवशी रंगारीबुवांना इतक्या रागारागाने सांगितली, की ऐकता ऐकता ते सातवं पाऊल टाकून गेले.

मंगळवारी, बुधवारी एकही चूक झाली नाही. चढताना टीं, उतरताना टीं. गुरुवारी आठ पावलं झाली. गुरुवारीच परतीच्या बसमध्ये कार्ड हातातून निसटलं आणि सीटखाली गेलं. बाई गुडघ्यांवर बसून लोकांच्या बुटांमधून चाचपत राहिल्या. त्यांचा थांबा गेला, पुढचा गेला, तेव्हा कुठे ते हाताला लागलं. जीव भांड्यात पडला खरा, पण रात्रभर एकच विचार डोक्यात घोळत राहिला. उद्या शुक्रवार. उद्या हे हरवलं तर?

आता जी वस्तू हरवू नये असं वाटतं, ती शिवणारी बाई काय करते? अडकवून टाकते. कात्री कमरेला, मोजपट्टी गळ्यात, सुया बाहीला. शुक्रवारी सकाळी कारखान्यात गेल्यावर टाचणीबाईंनी पहिलं काम तेच केलं. पडद्यांना पितळी कड्या बसवायचं यंत्र होतं, त्याच्या जबड्यात कार्डाचा कोपरा धरला आणि दांडा दाबला. खट्ट. गोल भोक, त्यात चकचकीत कडी. कडीतून पडद्याची जाड दोरी ओवून ती पिशवीच्या बंदाला दुहेरी टाक्याने शिवली. शेजारच्या मशीनवरची बाई म्हणाली, "काय सुरेख झालंय!" झालं होतंच.

दुपारी अडीचला त्या बसमध्ये चढल्या, ऐटीत पिशवी उचलली आणि कार्ड टेकवलं. मशीन गप्प. पुन्हा टेकवलं, पुसून टेकवलं, उलटं करून टेकवलं. मागे रांग खोळंबली.

"कार्ड मेलंय, बाई," ड्रायव्हर म्हणाला.

"काल जिवंत होतं."

"आज मेलंय. पैसे घ्यायला मला परवानगी नाही. तुम्ही उतरा."

मागचा एक गृहस्थ भला होता. "माझं दोनदा टेकवतो," म्हणाला. ड्रायव्हरने नकारार्थी मान हलवली. एका कार्डावर एकच माणूस. दुसऱ्यांदा टेकवलं की मशीनला वाटणार, हाच उतरला.

टाचणीबाई उतरल्या. बस गेली. टॅक्सी मिळाली असती तर मागेल तेवढं भाडं त्यांनी दिलं असतं, पण ज्या दिसल्या त्या भरलेल्या. मुलाला फोन लावला. पाळीवर असताना त्याचा फोन कपाटात असायचा, आताही तिथेच वाजला असणार. मग त्यांनी केंद्रात फोन केला आणि व्यायामवाल्या मुलीला सांगितलं, "मला उशीर होतोय. पण मी येतेय. डॉक्टरांना थांबव."

"मावशी, ते साडेचारला निघतात. मी काय सांगणार त्यांना?"

"मी येतेय, एवढंच सांग. आणि यांनाही सांग."

मुख्य बसस्थानक तिथून पायी वीस मिनिटांवर. बाईंनी ते पंधरा मिनिटांत गाठलं. दोनदा रस्ता अशा ठिकाणी ओलांडला, जिथे मुलाने पाहिलं असतं तर पुन्हा कधी त्यांना एकटं सोडलं नसतं. खिडकीपुढे आठ माणसं होती. रांग मोडणाऱ्यांचा टाचणीबाईंना मनापासून तिटकारा होता. आजवर त्यांनी अशा कितीतरी जणांना मागे पाठवलं होतं. त्या रांगेच्या पुढे जाऊन उभ्या राहिल्या, लोकांकडे वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "माझा नवरा आज चालणार आहे. चार वाजता, शहराच्या दुसऱ्या टोकाला. मी समोर नसले तर नाही चालणार. कुणाची हरकत आहे?"

पहिल्या नंबरची बाई बाजूला सरकली.

कारकुनाने कार्ड हातात घेतलं, कडी पाहिली, दोरी पाहिली. दोरी पिशवीला शिवलेली, त्यामुळे कार्डाबरोबर अर्धी पिशवीही खिडकीतून आत आली. "हे कुणी केलं?"

"मी."

"भोक पाडायचं नसतं, बाई!"

"तसं तुम्ही सांगितलं नव्हतं. वाकवू नका, भिजवू नका, एवढंच म्हणालात."

त्याने टेबलावरचा दिवा ओढला आणि कार्ड उजेडासमोर धरलं. निळ्या प्लास्टिकच्या आत एक बारीक तार दिसली, कडेकडेने चारी बाजूंनी फिरलेली. कोपऱ्यात बाईंच्या कडीने ती नेमकी तोडली होती.

टाचणीबाईंना आणखी काही समजावून सांगावं लागलं नाही. धावदोऱ्याने घातलेली शिवण एका ठिकाणी तुटली की सगळी सुटते, हे त्यांनी हजारदा पाहिलं होतं. चूक आपली, हे त्यांना पटलं. आणि चूक पटली की ती उगाळत बसायचं नाही, उसवायचं आणि पुन्हा शिवायचं, ही त्यांची सवय होती.

"यातले पैसे नव्या कार्डात यायला दोन दिवस लागतील," कारकून म्हणाला.

"येऊ देत. मला नवं द्या. दोन द्या."

"दोन कशाला? पुन्हा भोक पाडणार की काय?"

"एक माझं. एक माझ्या नवऱ्याचं."

"ते तर अजून चालतसुद्धा नाहीत म्हणालात."

"म्हणूनच म्हणतेय, लवकर द्या."

त्यानंतरच्या दोन्ही बस टाचणीबाईंच्या लेखी गोगलगाई होत्या. प्रत्येक सिग्नल लाल. बाईंनी दोन्ही कार्डं मुठीत इतकी घट्ट धरली होती, की तळव्यावर त्यांच्या कडा उमटल्या. दुसऱ्या बसमधून उतरताना, एवढ्या घाईतही, त्यांनी आपलं कार्ड टेकवलं. टीं.

केंद्रातल्या घड्याळात चार वाजून सव्वीस मिनिटं झाली होती. लांबट दालनात मोठे डॉक्टर फाईल मिटत होते. व्यायामवाली मुलगी रडकुंडीला आली होती. रंगारीबुवा खुर्चीवर तोंड फिरवून बसले होते, भिंतीकडे पाठ करून.

"चार वेळा विनवलं त्यांना," डॉक्टर बाईंना म्हणाले. आवाजात राग नव्हता, थकवा होता. "उठतच नाहीत. मला नाइलाजाने लिहावं लागेल."

"अगं, मी म्हटलं यांना, ती येतेय," रंगारीबुवा म्हणाले. "तर हे म्हणतात भिंतीपर्यंत चला. कशाला? भिंत काय पळून चाललीय?"

टाचणीबाई दम खात उभ्या होत्या. रोजच्यासारखी बोलणी घालायला त्यांनी तोंड उघडलं. पण छातीत हवाच नव्हती. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना नवऱ्याचं म्हणणं पटलं. भिंतीपर्यंत जाऊन माणसाने करायचं काय? त्या त्यांच्यापाशी गेल्या, लुळ्या डाव्या हाताची बोटं एकेक करून उघडली, त्यात कोरं निळं कार्ड ठेवलं आणि बोटं पुन्हा मिटली.

"हे काय?"

"तुमचं कार्ड. बसचं. आजच काढलं. पैसे भरलेत, फुकट जाऊ द्यायचे नाहीत."

मग त्या दालनाच्या दारापर्यंत पावलं मोजत गेल्या. बरोबर दहा. तिथे वळून त्यांनी उजव्या हाताचा तळवा पुढे धरला, बसच्या मशीनएवढ्या उंचीवर.

"बस आलीय, अहो. ड्रायव्हर थांबणार नाही. या आणि टेकवा."

रंगारीबुवांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा बाईंच्या तळव्याकडे. उजव्या हाताने काठी ओढली. उठताना एकदा मागे कलंडले, मुलगी धावली, तेव्हा डॉक्टरांनीच तिला हाताने थांबवलं. बुवा उभे राहिले.

एक. दोन. तीन. डावा पाय फरशीवरून घासत येत होता, पण येत होता. सहाव्या पावलावर कार्ड बोटांतून सरकायला लागलं. बुवा थांबले. कपाळावर घाम आला. त्या बोटांनी तीन महिन्यांत कुणाचं ऐकलं नव्हतं. टाचणीबाईंनी तळवा खाली येऊ दिला नाही. हळूहळू ती बोटं आवळली. कार्ड राहिलं. सात, आठ, नऊ.

दहाव्या पावलाला रंगारीबुवांनी खांद्यापासून जोर लावून डावा हात उचलला आणि कार्ड तळव्यावर टेकवलं.

"टीं," टाचणीबाई म्हणाल्या.

मग डॉक्टरांनी फाईल उघडली, खिशातून पेन काढलं आणि मान खाली घालून लिहायला लागले. व्यायामवाल्या मुलीने खुर्ची उचलून बुवांच्या मागे आणायला घेतली.

"राहू दे ती तिथेच," टाचणीबाई म्हणाल्या. त्या नवऱ्याच्या बाजूने निघून खुर्चीपाशी गेल्या आणि तिथे तळवा धरून उभ्या राहिल्या.

"आता काय?" बुवा म्हणाले.

"उतरतानाही टेकवायचं. नाहीतर शेवटच्या थांब्यापर्यंतचं भाडं कापतात."

"मघाशी काय म्हणालीस, पैसे भरलेत?"

"भरलेत. आणि एक पैही जास्तीची जाऊ द्यायची नाहीये."

रंगारीबुवांनी काठी फिरवली आणि सावकाश वळले. डॉक्टरांचं पेन थांबलं.

"अकरा," मुलगी म्हणाली.