खाणीतले मांगूर

पद्मजाबाई मत्स्य खात्यात लागल्या त्या मासे वाचवायला, आणि नोकरीची शेवटची सहा वर्षं गेली ती मासे पुरण्यात. परदेशी मांगुरावर बंदी आली तेव्हापासून हेच चाललं होतं. कुणाच्या शेततळ्यात तो सापडला की जेसीबी बोलवायचा, खड्डा खणायचा, मासे ओतायचे, वर कळीचा चुना, वर माती. मासा तसा राक्षसच. एकदा नदीत सुटला की दुसऱ्या कुणाचं पिल्लू शिल्लक ठेवत नाही. तेव्हा काम चुकीचं होतं असं कुणी म्हणणार नाही. पण बरोबर कामानंही माणूस थकतो, हे कुठल्या शासन निर्णयात लिहिलेलं नसतं.

संभाजीनगरच्या कचेरीत बाई माशांच्या जीवशास्त्रज्ञ होत्या आणि हाताखाली चार तरुण माणसं होती. ती माणसं तळ्यावर जायची, मासा बघून यायची. मासा कोणता हे ठरायचं ते पद्मजाबाईंच्या सहीनं. सही पडली की मासा मेला, असा हिशेब होता. जानेवारीत त्या निवृत्त होणार होत्या. पुण्याला लेक सावनी खोली रंगवून वाट बघत बसली होती.

ऑक्टोबरातल्या त्या दिवशी शेंद्र्याच्या पलीकडं एका जुन्या दगडखाणीवर कारवाई होती. सकाळची मुंबईची ऑनलाइन मीटिंग लांबली, म्हणून बाईंना पोचायला अकरा वाजले. जीपमधून उतरताना गुडघा धरून त्या क्षणभर उभ्या राहिल्या. ऊन असं होतं की खाणीच्या कडेचा दगड पांढरा दिसत होता.

हाताखालच्या चौघांतल्या ऋतुराजनं काम सुरू केलं होतं. तीन कॅरेट मासे खड्ड्यात गेले होते, त्यावर चुना पडला होता, मातीचा एक हात बसला होता. दोन भरलेले कॅरेट अजून काठावर होते आणि उरलेले मासे खाणीच्या पाण्यात. त्याच्या उजव्या हाताला रुमाल बांधलेला.

"काय झालं रे?"

"मांगुरानं काटा मारला मॅडम. हातमोजे फाटके निघाले. कोपरापर्यंत ठणकतंय."

खाणीचा मालक कडुबा लांब बाभळीखाली उकिडवा बसला होता. सत्तरीचा, अंगानं काटकुळा. शेजारी त्याची बायको चतुराबाई पदर तोंडाला लावून उभी. पंच म्हणून आलेला पोलीस पाटील बद्रीनाथ खुर्ची मागवून सावलीत बसला होता.

"पंचनाम्यावर सही करीना म्हतारा," बद्रीनाथ म्हणाला. "म्हणतो माझे मासे देशी हायेत. तुमच्याकडं सगळेच असं म्हणत असतील, नाय का?"

"सगळेच म्हणतात," पद्मजाबाई म्हणाल्या.

आणि ते खरं होतं. सहा वर्षांत पकडलेला एकही माणूस असा भेटला नव्हता, ज्याचे मासे देशी नव्हते. कोण देवाची शपथ घ्यायचा, कोण लेकरांची. सुरुवातीला बाई प्रत्येकाचं ऐकून घ्यायच्या, प्रत्येक तळ्यात हात घालायच्या. मग गुडघे गेले, जिल्हे वाढले, आणि ओळख मोबाइलवरच्या फोटोंवर आली. या खाणीचे फोटोही तसेच आले होते, संध्याकाळी सहाला, चाळीस फायलींच्या मध्ये. चिखलात माखलेले काळे मासे. काळे ते परदेशी, असं धरून त्यांनी सही केली होती.

आता नियमाप्रमाणं एवढंच उरलं होतं की पुरायच्या मालातले दहा मासे वरिष्ठानं मोजून त्यांची लांबी कागदावर घ्यायची. एरवी हे ऋतुराज करायचा आणि बाई लिहून घ्यायच्या. आज त्याचा हात कामातून गेला होता.

"आण ती पट्टी," म्हणत बाई कॅरेटपाशी वाकल्या.

पहिलाच मासा हातात वळवळला आणि त्याचा काटा त्यांच्या अंगठ्याच्या बुडाशी रुतला. तोंडातून हाय निघालं. तरी त्यांनी मासा सोडला नाही. तीस वर्षांची सवय होती. त्याच अंगठ्यानं त्यांनी डोकं दाबून धरलं, आणि बोट कवटीच्या मागच्या कडेवर गेलं.

ती कड गुळगुळीत होती. नखासारखी गोल.

परदेशी मांगुराची कवटी खरबरीत असते, आणि मागची कड दाते पाडल्यासारखी लागते. हे त्यांनी नव्या पोरांना शंभर वेळा शिकवलं होतं. त्यांनी दुसरा मासा घेतला. गोल. तिसरा घेतला, पाण्याच्या घमेल्यात धुतला. चिखल गेल्यावर अंग तांबूस निघालं. चौथा, पाचवा. पट्टी तशीच खाली पडून होती.

तरुणपणी त्यांनी या भागातली एकूण एक नदी, नाला, डोह पायाखाली घातला होता. दोन पावसाळे त्यांनी देशी मांगूर शोधला. मिळाला नाही. त्या शोधाच्या अहवालात त्यांनीच लिहिलं होतं, या तालुक्यात देशी मांगूर आता आढळत नाही. त्या वाक्यापाशी तेव्हा त्या रडल्या होत्या. जन्मात मासा न खाल्लेली बामणाची पोर माशासाठी रडते, म्हणून आई हसली होती.

"लांबी सांगा मॅडम," ऋतुराज वही घेऊन म्हणाला.

बाईंनी पाचवा मासा परत कॅरेटात सोडला. अंगठा सुजायला लागला होता. त्यांच्या मनात जे आलं ते चांगलं नव्हतं, पण आलं. अजून दोन कॅरेट. अर्धा तास. चुना बसला की खड्ड्यातलं कुणाला काही ओळखता येत नाही. म्हाताऱ्याचा शब्द एकीकडं, सही-शिक्क्याचा कागद एकीकडं. आणि आता तोंड उघडलं तर चौकशी, खुलासे, अडकलेलं पेन्शन, सावनीची रंगवलेली खोली तशीच रिकामी. हे सगळं फक्त त्यांच्या अंगठ्याला कळलं होतं. अंगठा काही बोलणार नव्हता.

जेसीबीवाल्यानं वरून हाक मारली, "क्या मॅडम, भर दूँ क्या?"

खड्ड्यातल्या मातीचा एक तुकडा हलला. थोडा वर आला आणि परत बसला. मांगूर हवेतही श्वास घेतो. ओल्या चिखलात दिवसच्या दिवस काढतो. चुना वरच्या थराला लागला असेल, खालचे अजून जिवंत असतील.

"थांब," बाई म्हणाल्या. मग मोठ्यानं म्हणाल्या, "मशीन बंद कर. खड्डा उकरायचा आहे. हातानं."

"मॅडम?" ऋतुराजला काही उमगेना.

"हे देशी आहेत."

"भरनेका के निकालनेका, एक बोलो," जेसीबीवाला वैतागला. "सुबहसे डिझेल जल रहा."

"निकालनेका. और नीचे आओ."

कडुबानं हे ऐकलं तेव्हा तो बाभळीखालून उठलेला कुणी पाहिलाच नाही, थेट खड्ड्यातच दिसला. वय विसरून उडी टाकली होती त्यानं. चतुराबाई कळशी घेऊन धावली तशी बाई ओरडल्या, "पाणी टाकू नका! चुना भडकेल. कोरडेच काढा, मग त्या पाण्याच्या टाकीत धुवा!"

मग दीड तास उकरणं चाललं. ऋतुराज डाव्या हातानं माती ओढत होता. जेसीबीवाला गोणपाटाचे तुकडे हाताला गुंडाळून उतरला आणि प्रत्येक माशाला शिव्या देत, पण हळूच, वर देत होता. बाईंना खड्ड्यात उतरता येईना. त्या काठावर मांडी घालून बसल्या, येईल तो मासा पुसत होत्या आणि बघत होत्या. वरच्या थरातल्यांचे डोळे पांढरे झालेले, कातडी सुटलेली. ते त्या एका बाजूला ठेवायच्या. खालचे मिशा हलवत यायचे. ते चतुराबाईच्या टाकीत जायचे. बद्रीनाथसुद्धा शेवटी खुर्ची सोडून आला आणि सदऱ्याच्या बाह्या वर करून काठावरचे दोन कॅरेट परत पाण्यात ओतायला ओढू लागला.

एकशे सात मासे निघाले. एकोणचाळीस जिवंत होते.

काम संपल्यावर चतुराबाईनं चुलीवरचं ऊन पाणी एका पातेल्यात आणून बाईंपुढं ठेवलं.

"घाला हात. कढत हाय, पर ठणका वढून घेतंय."

बाईंनी हात घातला. डोळ्यांत पाणी आलं, ते पाण्याच्या चटक्यानं की कशानं, कुणी विचारलं नाही.

"कुठून आणले होते हे?" त्यांनी विचारलं.

"नदीत डोव्ह व्हता आमच्या शिवारात," चतुराबाई म्हणाली. "रस्ता आला तवा बुजवला. ह्यांनी अन् म्या वल्या गोणपाटात घालून डोस्क्यावर आणले. सात खेपा झाल्या. गावात कुणी बाळंतीण पांढरी पडली की एक-दोन द्यायचे. रगत भरतं."

कडुबा टाकीवर वाकला होता. वळून न बघता म्हणाला, "म्या आलतो की तुमच्याकडं. दोनदा. दुसऱ्या डावाला तं दुधाच्या कॅनात मासाच घिऊन आलतो, दारापतुर."

बाईंना कॅन आठवला. मीटिंग चालू होती, दार अर्धवट उघडं होतं. फरशीवर पाणी सांडतंय म्हणून शिपाई कुरकुरत होता. कोण आहे, असं त्यांनी नुसत्या भुवईनं विचारलं होतं आणि हातानंच नंतर म्हणून सांगितलं होतं. नंतर त्या विसरल्या. देशी मांगूर त्यांच्या दारात कॅनात बसून होता, आणि त्या पडद्यावरच्या साहेबांना लक्ष्यपूर्तीचे आकडे सांगत होत्या.

"आठवतंय," त्या म्हणाल्या.

ऋतुराज कागद घेऊन शेजारी बसला. आवाज खाली करून म्हणाला, "मॅडम, असं लिहू का, नमुन्याबाबत संदिग्धता आढळल्याने कारवाई स्थगित करण्यात आली? त्यात कुणाचंच काही नाव येत नाही. नाहीतर माझंच लिहा. फोटो मीच काढले होते."

"सही कुणाची होती?"

"तुमची."

"मग लिही. मी सांगते तसं."

त्यांनी सांगितलं, त्यानं लिहिलं. पेन दोनदा थांबलं, दोन्ही वेळा बाईंनी तेच वाक्य परत सांगितलं.

बद्रीनाथनं कागद कडुबापुढं धरला. "घे, कर आता सही. तुझ्या मनासारखं झालं."

"वाचल्याबिगर नाय," कडुबा म्हणाला.

"आता गं! साक्षरतेच्या वर्गात बसला तवापासून हा किराण्याची पुडीबी वाचून फेकतो."

कडुबानं हात धोतराला पुसले. कागद मांडीवर घेतला आणि अक्षराखाली बोट ठेवलं. सगळे ताटकळत उभे राहिले. त्याला घाई नव्हती. एकेक अक्षर जोडत, जोडाक्षरापाशी अडखळत, मागं जात, परत येत तो मोठ्यानं वाचत होता. पद्मजाबाईंनी आयुष्यात हजारो कागद वाचले होते, पण असा कधी ऐकला नव्हता.

"मासा... हा-ता-त... न घे-ता... नुस-त्या फोटो-वरून... मी... ओळख... दिली. ती... चुकी-ची... होती. हे मासे... देशी... आहेत. चूक... माझी... आहे."

शेवटच्या शब्दावर त्याचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग ते खाली गेलं, रेघ संपली तिथवर, आणि परत वर आलं.

"मेलेले किती, ते नाय यात."

ऋतुराजनं बाईंकडं पाहिलं.

"अडुसष्ट," बाई म्हणाल्या. "लिही. आकड्यात आणि अक्षरात."

त्यानं लिहिलं. कडुबानं तेही वाचलं. मग खाली वाकून, जीभ दातात धरून, त्यानं आपलं नाव काढलं आणि कागद बाईंकडं दिला. बाईंच्या अंगठ्याला पेन धरवेना. दोन बोटांत कसंतरी धरून त्यांनी सही केली. ती पाटीवर पहिल्यांदा गिरवल्यासारखी वेडीवाकडी आली.

मेलेले मासे त्याच खड्ड्यात ठेवायचे होते. जेसीबीवाल्यानं मशीन चालू केलं नाही. फावडं घेतलं आणि ऋतुराजबरोबर माती लोटली.

जीपपाशी जाताना बाई थांबल्या. "कडुबा, चुन्यानं भाजलेल्या माशांच्या जखमा बघायला हव्यात. वरून हुकूम येईल न येईल. मी महिनाभर तरी येत जाऊ का? जानेवारीपर्यंत माझी नोकरी आहे."

टाकीत हात घालून कडुबा एकेक मासा वर धरून बघत होता.

"या," तो म्हणाला. "पर गाडी फाट्यावर सोडून या. इंजनाचा आवाज आला की आता म्हतारी भ्येती."

फाटा तिथून दीड किलोमीटर होता, आणि चढाचा. पद्मजाबाईंनी मान डोलावली, गुडघा हातानं धरून पाय आत घेतला आणि दार ओढून घेतलं.